आजीला ऐकवायचं मराठी

बाईंनी ओढणीच्या टोकाने फळा पुसला, नवीन वाक्य लिहिलं आणि लॅपटॉपच्या मागे जाऊन फळा छातीशी धरून उभ्या राहिल्या. समोरच्या खुर्चीत त्यांची तेरा वर्षांची लेक बसली होती. पडद्यावर आजी होती, म्हणजे बाईंची आई.

"आजी, या आठवड्यात माझी चित्रकलेची परीक्षा झाली," लेकीने फळ्यावरून वाचलं. चेहरा काढा पिताना करतात तसा.

"अगं बाई! कशी गेली?"

बाईंनी घाईघाईने पुसून लिहिलं.

"छान गेली. तुझी आठवण आली," लेकीने वाचलं.

"गुणाची माझी ठमी!"

फळ्यावरचं मराठी परक्या अक्षरांत होतं. हे शनिवारच्या वर्गातल्या पालकांना कळलं असतं, तर बाईंना तोंड दाखवायला जागा उरली नसती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, बुटक्या खुर्च्यांवर बसून, आपला देश सोडून आलेल्यांची चौदा मुलं त्यांच्याकडे मराठी शिकत. 'मराठी आपल्याच अक्षरांत लिहायचं, पळवाट नको,' असं त्या पालकांना ठणकावून सांगत. आठवडाभर औषधांच्या दुकानात उभं राहून पायांचे तुकडे पडायचे, तरी वर्ग एकदाही चुकवला नव्हता. हातची सुटली ती घरचीच मुलगी. लेक सहा महिने त्या वर्गात बसली आणि एके दिवशी म्हणाली, उद्यापासून येणार नाही. ती काही पुन्हा आली नाही.

तीन वर्षांपूर्वी आजी फोनवर रडली होती. नात हो-नाहीच्या पलीकडे बोलतच नाही म्हणाली. पुढच्या रविवारी बाईंनी फळा आणला, तात्पुरता म्हणून. आता आजी गल्लीभर सांगत फिरायची की आमची नात तिकडे राहून घडाघडा मराठी बोलते. आणि तीन आठवड्यांनी हीच आजी सहा महिन्यांसाठी राहायला येणार होती. सहा महिने समोरासमोर! मागे फळा धरून उभं राहायचं तरी कुठे? आपण आईला फसवलं हे आता आईला कळणार होतं. तोवर पोरीला निदान चार वाक्यं यावीत म्हणून त्यांनी फ्रिजवर, आरशावर, बुटांच्या कपाटावरही चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. पोरगी चिठ्ठ्या वाचायची आणि उत्तर द्यायची ते इथल्या भाषेत.

"थांब हं ठमे, गॅसवर दूध आहे. बघून येते," आजी म्हणाली आणि पडदा रिकामा झाला.

"जरा टेकते," असं पुटपुटत बाई सोफ्यावर बसल्या. पुढचं त्यांना आठवत नाही.

जाग आली तेव्हा फळा मांडीवरून घसरून खाली पडला होता. त्या दचकून उठणार, तेवढ्यात लेकीचा आवाज आला.

"आई झोपून गेली. हळू बोल."

"झोपू दे. दमते गं ती. तू सांग, काल गॅसवरची अंडी फुटली म्हणून फोन ठेवलास तो ठेवलासच. पुढे काय झालं?"

"पाणी सगळा संपला होता ना, मग अंडे धाडकन फुटले! छतावर पण गेला. मी शिडी लावून साफ केली."

"आणि आईला पत्ताच नाही?"

"वास आला तिला. मी बोलली, शेजारीण काहीतरी करते."

"लबाड कुठली!" आजी खो-खो हसली.

बाई डोळे मिटून तशाच पडून राहिल्या. यातलं एकही वाक्य त्यांनी लिहिलेलं नव्हतं. पोरगी धडाधड चुकत होती आणि कुठेही अडत नव्हती. काल म्हणजे शनिवार. काल त्या वाचनालयात दुसऱ्यांच्या मुलांकडून घर, दार, खिडकी वदवून घेत होत्या.

"तू येशील तेव्हा शनिवारचा फोन बंद?" लेकीने विचारलं.

"फोन कशाला लागतोय? ती वर्गाला गेली की आपण दोघी मोकळ्याच."

"आणि रविवारचा वाचन? ते पण बंद ना? मला खूप कंटाळा येतो."

"मला काय कमी येतो? पण तेवढं केलं की तिला बरं वाटतं. तीन वर्षं ओढलं, अजून तीन आठवडे ओढू."

बाईंना आधी राग आला, दोघींचाही. मग त्याहून वाईट, हेवा वाटला. एवढे सगळे शनिवार या दोघींनी आपल्याला वगळून गप्पा मारल्या होत्या.

"ठमे, एक विचारू? आईशी का नाही गं बोलत अशी?"

"आईशी बोलली की लगेच क्लास सुरू होतो."

बाईंच्या तोंडात 'अंडे नाही, अंडी' केव्हाचं येऊन बसलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मी आले की सांगू तिला," आजी म्हणाली. "दोघी मिळून सांगू."

"ती रागवेल."

"रागवेल. मग रडेल. रडू दे."

रडू तर आलंच होतं. बाईंनी डोळे आणखी घट्ट मिटले.

खुर्ची किंचित करकरली. लेकीचा आवाज एकदम खाली आला.

"आजी, आई जागी आहे बहुतेक. तिचे डोळे हलते."

"माहितीये मला," आजी म्हणाली. "झोपली की ती घोरते, लहानपणापासून. मघाशी इथपर्यंत ऐकू येत होतं. ते थांबून बराच वेळ झाला."

"मग?"

"मग काही नाही. तू बोल. ऐकू दे तिला."