छाटलेला खडक

“बाय, माझा खडक कुठं गेला?”

आशाबाईंनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. क्रांती चौकातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात दुपार कलंडली होती, आणि बोलणारा माणूस शंभरावर कोस दूर, दापोलीच्या किनाऱ्याला होता.

“कुठला खडक, दादा?”

“सकाळी तुम्ही मोबाईलवर नकाशा धाडला ना, बघून घ्या म्हणून? तळ सगळा बरोबर हाय. माझा खडक तेवढा नाय.”

तो एका मासेमारी होडीचा तांडेल, होडी हाकणारा. त्याच्यासारख्या चाळीस होड्यांवर खोली मोजणारं यंत्र बसवलेलं होतं. होडी जाईल तिथली खोली टिपली जाई, तांडेल ती राजीखुशीनं देत, आणि आशाबाईंच्या पडद्यावर समुद्राचा तळ ठिपक्याठिपक्यांनी उगवे. त्यातूनच जहाजांसाठी नवा नकाशा व्हायचा होता. पाचला तो छापायला जाणार. तीन वाजून गेले होते.

आशाबाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्या पैठणच्या. चौदा वर्षं मागावर पैठण्या विणल्या. पाठीनं दगा दिला तेव्हा पुतणीनं संगणक शिकवला. पण न पाहिलेल्या त्या तळाशी त्यांची अशी ओळख झाली होती, की रस्त्यानं चालतानाही पायांखाली वाळूचे उतार संथ सरकल्यासारखे वाटत. काम करताना त्या हलकेच गुणगुणत –

खोल खोल पाण्या, तुझा तळ मी मोजिते
न पाहिल्या गावाची गं वाट जगा दाविते

ठिपके साफ करणं हे त्यांचं काम. होडीखालून माशांचा थवा गेला, पाण्याचे बुडबुडे आले, की यंत्र फसतं. सपाट तळात एकच ठिपका उगाच वर उसळतो. तो छाटायचा. विणून झालेल्या पदरावरचं सुटं सूत छाटावं, तसा. त्यांचा हात त्यात इतका बसला होता, की ऑफिसात म्हणत, आशाबाईंचा समुद्र रेशमासारखा निघतो.

“म्याच छाटला असंल,” त्या म्हणाल्या.

शेजारच्या टेबलावरून त्यांचे वरिष्ठ सरदारभाई वळले. “क्या हुआ?”

“खडक व्हता, भाई. म्या सूत म्हणून कापला.”

“एक ठिपक्यावर खडक नै बनता, आशाबाई. किमान दोन फेऱ्या पायजे. कल मैं बोलूंगा समंदर में दौलताबाद का किल्ला है, तर काढून द्याल?”

आशाबाई हसल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, “दादा, तुमच्याशिवाय दुसरी होडी गेली व्हती का तिथनं?”



“भावाची गेली. ती तिथंच हाय.”

मग तो थांबत थांबत बोलला. “त्या खडकाभोवती मावरं लय, जाळं भरून मासळी. असा खडक आमच्यात कुणाला दाखवत नाय. बापानं मरताना थोरल्याला दाखवायचा, एकट्याला. मला दाखवला. धाकट्याला मी सांगितलं नाय. तो ओहोटीला तिथनं गेला, खडकावर होडी फुटली, तोही गेला. सहा वर्षं झाली.”

आशाबाईंनी पडद्यावर छाटलेल्या ठिपक्यांची पेटी उघडली. दर फेरीची मोजणी वेगळी येई, वेगळी साफ होई. म्हणून छाटलेलं सगळं एकत्र त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आज सगळ्या फेऱ्या एकावर एक ठेवल्या. एक ठिपका दिसला. त्याला लागून दुसरा. मग तिसरा. कुंकवाच्या बोटाएवढ्या जागेत अकरा ठिपके दाटले होते. त्यांनी तारखा बघितल्या. बाजूच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

“दादा, तुम्ही दर अवसेला जाता व्हय तिथं?”

“उधाणाला जातो. पाणी उंच असतं, वरनं होडी नेता येते. जरा थांबतो.”

अकरा वेळा तो थांबला होता. अकरा वेळा त्यांनी ते थांबणं छाटून टाकलं होतं.

सरदारभाई खुर्ची ओढत आले. पडद्याशी वाकून ठिपके मोजले, पुन्हा मोजले. मग चष्मा काढून हातात धरला.

“डालो,” ते म्हणाले. “एकेक करून, सबुरीनं. छापणाऱ्याला मी सांगतो. पाचचे साडेपाच होऊ दे.”

आशाबाई ठिपके परत बसवू लागल्या. वाळूच्या सपाटीतून एक अरुंद माथा हळूहळू वर आला, झोपेतून कुणी उठून बसावं तसा.

“बसला तुमचा खडक, दादा.”

“नाव घालतात का त्याला?”

“नाय. नुसता आकडा. ओहोटीला त्याच्यावर पाणी किती, तेवढाच. एक पूर्णांक दोन मीटर.”

“एक पूर्णांक दोन,” तांडेल पुटपुटला, पाठ करावं तसं.

“आता समद्या होड्या मावऱ्याला तिथंच येतील की.”

“येऊ देत,” तो म्हणाला. “आकडा बघून येतील.”

फोन कुणीच ठेवला नाही. पलीकडं होडीच्या फळीला पाणी हलकं हलकं लागत होतं. आशाबाई खुर्चीच्या काठावर बसून ते ऐकत राहिल्या.