एक्केचाळिसावा प्रश्न

सॅन होजेतल्या आमच्या संगणक-मासिकाने १९९९ साली चार सर्च इंजिनांची तुलना करायचं ठरवलं. संपादक वेड लुंडक्विस्टने त्यासाठी डोरीन केसलरला बोलावलं. सार्वजनिक ग्रंथालयाच्या चौकशी-खिडकीवर तिने बावीस वर्षं काढली होती. तिची अट एकच होती: तक्त्याखाली परीक्षक म्हणून माझं नाव जाणार, तर आकडेही माझेच जातील.

लोकांनी त्या खिडकीशी येऊन खरोखर विचारलेले चाळीस प्रश्न तिने निवडले. कुत्र्याने मनुके खाल्ले तर काय करायचं, वारलेल्या माणसाचा वाहन परवाना कुठे परत करायचा, असले. चारही इंजिनांनी दिलेली उत्तरं तिने छापून घेतली, वरची नावं कात्रीने कापली आणि कागद आम्हा सहा जणांना गुण द्यायला वाटले. कुठला कागद कुणाचा, हे फक्त तिला ठाऊक.

तीन दिवसांनी नावं उघड झाली. तिघा जणांनी चालवलेलं मोलहिल पहिलं आलं. आमच्या प्रत्येक अंकात आठ पानं जाहिरात देणारं झेफिडा तिसरं.

वेडने आकडे वाचलेच नाहीत. सर्च इंजिन जोखायची त्याची रीत या धंद्यातल्या निम्म्या शहाण्यांचीच होती: स्वतःचं नाव टाकून बघायचं.

"झेफिडात मी पहिला येतो," तो म्हणाला. "आणि तुझ्या या मोलहिलमध्ये? मिनेसोटातला कोणीतरी प्लंबर!"

"त्याचं नाव वेड लुंडक्विस्टच आहे ना?"

"डोरीन, मला या क्षेत्रात लोक ओळखतात."

"त्यालाही ओळखत असतील. नळ गळायला लागला की तोच लागतो."

मी खोकून हसू दाबलं. वेड लालबुंद झाला. "माझं नाव एक्केचाळिसावा प्रश्न म्हणून घे."

"हा विचारला कुणी?"

"मी!"

"तू कुठे सापडतोस ते तुला माहीत आहे. बावीस वर्षांत माझ्या खिडकीशी एकानेही तुझी चौकशी केली नाही, वेड. आणि निकाल बघून प्रश्न ठरवायचे होते, तर मी नावं कापत कशाला बसले?"

वेडने त्या एका प्रश्नाला निम्मे गुण ठेवले आणि 'व्यक्तीचा अचूक शोध' असं भारदस्त नाव दिलं. उरलेले निम्मे चाळीस प्रश्नांत वाटले. झेफिडा पहिलं आलं. पाच जणांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. तोंडही उघडलं नाही.

छपाईआधीचा कागद तपासायला आला, तेव्हा डोरीनने तीच कात्री काढली. तक्त्याखालची आपल्या नावाची पट्टी कापून पर्समध्ये टाकली आणि कागद वेडच्या टेबलावर ठेवला.

"घे. आता हाही कुणाचा ते ओळखू येणार नाही," ती म्हणाली आणि निघून गेली.

वेडला फक्त रिकामी जागा दिसली. तिथे त्याने स्वतःचं नाव घातलं. अंक आमच्या वेबसाइटवर चढला. आता झेफिडात त्याचं नाव टाकलं, की सर्वांत वर हाच तक्ता येतो. मोलहिलमध्ये अजून प्लंबरच येतो.