जाईची शिफारस

जाईच्या शिफारशीच्या फॉर्मवर ‘पहिल्या पाच टक्क्यांत’ या रकान्यात केलेली खूण शैलाने पुन्हा काढून टाकली.

बाहेरच्या खोलीत जाई पूर्वरंग म्हणत होती. उद्या सिंगापुरातल्या तोआ पायोह भागातल्या हॉलमध्ये तिचं पहिलं कीर्तन. पेटीवर शैलाचा मुलगा रुचिर होता. सहा वर्षं जाई दर शनिवारी इथे शिकायला येत होती. तिचा आवाज वर गेला की शैलाचे डोळे अजूनही भरून येत. आणि लगेच वाटे, देवाने हा गळा दोन मजले खाली, सुरेखाच्या मुलीला का दिला?

दोन्ही मुलांनी अमेरिकेतल्या एकाच युनिव्हर्सिटीत अर्ज केला होता. शहर बेताचंच, नाव सांगितलं की लोक नकाशा उघडत. पण तिथली पूर्ण स्कॉलरशिप सिंगापूरमधून एकालाच मिळायची. शाळेबाहेरच्या कुणाचं तरी पत्र लागे, आणि आईने स्वतःच्या मुलासाठी लिहिलेलं चालत नसे.

जाई पाणी प्यायला आत आली. शैलाने लॅपटॉप अर्धा मिटला.

“लपवू नका काकू. पत्र बघायचा हक्क मी सोडलाय. तशी सहीच केलीये.”

“का गं?”

“तुम्ही लिहिणार. चेक काय करायचं ला?” इथल्या पोरांसारखा शेवटी ‘ला’ लावत ती म्हणाली.

ती गेल्यावर शैलाने ‘चांगली’ या रकान्यात खूण केली. खाली लिहिलं, नियमित येते, पाठांतर पक्कं आहे. एकही शब्द खोटा नव्हता. एकदा पाठवलेलं बदलता येणार नाही, असं स्क्रीनने बजावलं. तिने पाठवलं.

थोड्या वेळाने लिटिल इंडियातून उद्याचा हार घेऊन सुरेखा वर आली. रुचिरचं पत्रही सकाळीच गेलं, म्हणाली. रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या वाचनालयात ती आणि रुचिर मिळून पुस्तकं लावत, म्हणून त्याने तिलाच गळ घातली होती. वर आईला सांगू नका, असंही बजावलं होतं.

शैलाने हार हातात घेतला, पण ठेवायचा कुठे ते तिला सुचेना.

“काय लिहिलंत?”

“खरं तेच. पहिल्या पाच टक्क्यांत. आमचे हे म्हणालेच, अगं, आणि आपल्या पोरीचं काय? म्हटलं, तिचं शैलाताई बघतील.”

रंगीत तालमीला उभं राहण्याआधी जाई नेहमीसारखी शैलाच्या पाया पडायला वाकली. शैलाने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

“आज माझ्या नको,” ती म्हणाली. “आईच्या पड.”