चार अंशांवरची झोप

गोखिवऱ्याच्या प्राण्यांच्या दवाखान्यात तेजस्वी मॅडम एकट्याच सर्जन. दोन मांजरांची ऑपरेशनं एकाच वेळी करायची तर माणसं दुप्पट लागली असती. म्हणून असं ठरलं, की आधी एका मांजरीची किडनी काढून थंड द्रावणात ठेवायची, तिला टाके घालून शुद्धीवर आणायचं आणि मगच सोनूला टेबलावर घ्यायचं. मधले दोन तास किडनी सांभाळायचं काम मदतनीस स्वप्नाकडे आलं.

सोनू हा उमेळ्याच्या यमुनाबाईंचा बोका. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. किडनी देणारी पट्टेरी मांजर नालासोपाऱ्यात एका मासळीच्या गाळ्यामागे सापडलेली. दवाखान्याची अट होती, की सोनू जगो वा न जगो, त्या मांजरीला यमुनाबाईंनी कायमचं घरी न्यायचं. बाईंनी दुसरा विचारही केला नव्हता.

सकाळी साडेदहाला मॅडमनी स्वप्नासमोर वाडगा ठेवला. किडनी जेमतेम लहानशा चिकूएवढी. आतलं रक्त धुऊन निघाल्यामुळे फिकट, जवळजवळ राखाडी. वाडग्याभोवती कापड, कापडाभोवती बर्फाचा चुरा.

"चार अंश," मॅडम म्हणाल्या. "गोठू द्यायची नाही आणि जागीही होऊ द्यायची नाही."

स्वप्ना वाडग्यातल्या थर्मामीटरच्या काट्याकडे बघत बसली. खिडकीबाहेर चिंच होती. तिच्यातून गाळून आलेला हिरवट उजेड वाडग्यावर डुलत होता. थोड्या वेळाने तिला वाटायला लागलं, की ही खोली एखाद्या तळ्याच्या तळाशी आहे आणि वरून कोणीतरी संथपणे होडी वल्हवत चाललंय. तिचा श्वासही मंदावला. द्रावणात ती इवलीशी गोष्ट निपचित पडली होती. तिला ना भूक, ना तहान, ना घर.

बाजूच्या खोलीच्या खिडकीची काच जराशी सरकली. यमुनाबाई.

"झोपली का गो?"

"हो, मावशी."

"मंग आता ती कोनाची? त्या मांजरीची न्हाय, आमच्या सोनूची पन न्हाय."

स्वप्नाने जरा विचार केला. "सध्या आपल्या दोघींची."

यमुनाबाई खिडकीशीच स्टूल ओढून बसल्या. दोघी कुजबुजतच बोलत राहिल्या, पाळण्यातल्या बाळाजवळ बोलावं तशा.

साडेबाराला निरोप आला. भूल दिल्यावर सोनूचं ब्लडप्रेशर घसरलं होतं. ते सावरेपर्यंत थांबावं लागणार होतं. दोन तासांपुरता काढलेला बर्फ विरघळत आला होता आणि काटा पाचकडे सरकत होता. स्वप्नाला जागा सोडता येईना.

"मी आनते," म्हणून यमुनाबाई उठल्या. नाक्यावरच्या उसाच्या रसवाल्याकडून त्यांनी फोडलेला बर्फ पदरात घालून आणला. ओलेते लालभडक हात खिडकीतून आत आले. स्वप्नाने तो कापडाभोवती रचला आणि काटा हळूहळू पुन्हा चारवर आला.

तीन वाजता मॅडमनी वाडगा आत नेला. स्वप्ना दाराच्या काचेतून बघत होती. शिरा जोडून झाल्या. रक्त अडवून धरलेला चिमटा सुटला. किडनी आधी तशीच राखाडी राहिली. मग एका कडेने रंग चढू लागला, पहाटे खाडीवर चढतो तसा, आणि सगळी गुलाबी झाली. बऱ्याच वेळाने नळीच्या टोकाशी लघवीचा एक थेंब जमला. मॅडमनी डोळे मिटून घेतले. यमुनाबाईंना हे सांगायला गेली तेव्हा स्वप्नाला नुसतं हसूच येत राहिलं.

सोनू तिसऱ्या दिवशी उठून बसला. दोन वेळची औषधं जन्मभर द्यावी लागणार होती. दोन टोपल्या एकाच रिक्षातून उमेळ्याला गेल्या.

महिन्याने स्वप्ना भेटायला गेली. सोनू ओसरीवर उन्हात पसरला होता. पट्टेरी मांजर आली, त्याच्या पोटावरचा केस कातरलेला भाग हुंगला आणि केळींमध्ये निघून गेली.

"ती कोनाला हात लावू देत न्हाय," यमुनाबाई म्हणाल्या. "जेवायला मात्र येते."

स्वप्ना चहा संपवून आणखी थोडा वेळ केळींकडे बघत तिथेच बसली.