साइरे सरांचे एक्केचाळीस सेकंद

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या मोबाइलकडे कोणी काही ऐकायला येत नाही. माझी काच तीन ठिकाणी तडकली आहे, आवाजाचे बटण आत रुतून बसले आहे आणि चार्जरची वायर काढली की मी अर्ध्या तासात मान टाकतो. तरीही मी जे पाहिले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. ते मला अजून पुरते उमगलेले नाही. आठवले की थक्क व्हायला होते, एवढेच खरे.

माझ्या जन्माचे मला फारसे स्मरण नाही. पांढरे दिवे, हातमोज्यातली बोटे आणि मग पेटीतला बराच मोठा प्रवास. पेटी उघडली ती चिलीच्या उत्तरेला, कालामा शहरात. एका खाणकामगाराने मला दोन वर्षे वापरले आणि मन भरल्यावर रविवारच्या बाजारात मांडले. तिथे एर्मिंदाबाईंनी मला हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. त्या चिऊ-चिऊ गावात गाजरे पिकवतात. त्यांची मुलगी यास्ना आयाविरे कालामाच्या तांत्रिक शाळेत शिकत होती. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

"घे," एर्मिंदाबाई तिला म्हणाल्या. "बस चुकली तर कळवायचं. त्यात डोकं खुपसून बसायचं नाही."

यास्नाने पहिल्याच आठवड्यात माझी पाठ उघडून आत काय आहे ते पाहिले. मी घाबरलो होतो, पण तिचा हात हलका होता. तिने माझी थकलेली बॅटरी स्वतः बदलली. शेतातला पाण्याचा पंप बंद पडला, तर तो ती खोलायची आणि प्रत्येक भागाचे फोटो माझ्याकडून काढून घ्यायची, म्हणजे परत जोडताना चूक होत नसे. ते फोटो ती इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकी. मी एका लहानशा गावातल्या गाजराच्या वाफ्यात उभा राहायचो, आणि माझ्यातून निघालेला फोटो कुठल्या कुठे दूर देशी कोणीतरी पाहायचे. याचे मला रोज नवल वाटे.

शाळेत वीजकाम शिकवायला एलेउतेरियो साइरे नावाचे सर होते. पन्नाशीचे, सडपातळ, खडूने पांढरी झालेली बाही. बोलताना ते अडखळत. 'ज' हे अक्षर आले की शब्द घशातच अडकायचा. यास्नाचे काम पाहून ते एकदा वर्गासमोर म्हणाले होते, "हिच्या हातात ज-जादू नाही. धीर आहे. या धंद्यात तोच लागतो."

यास्ना सोळा वर्षांची असताना, एका कंटाळवाण्या दुपारी, तिने मला बाकाखालून हळूच वर काढले. सर फळ्यावर आकृती काढून सांगत होते की वीज नेहमी जमिनीकडे जायची वाट शोधत असते. 'जमीन' शब्द अडकला. एकदा, दोनदा, सहा वेळा. यास्नाच्या तोंडून हसू फुटले आणि तेही माझ्यात उतरले. एक्केचाळीस सेकंद झाले आणि तिने मला बंद केले.

तिने तो व्हिडिओ वर्गातल्या मुलांना पाठवला. तिच्या मनात त्यापुढे काहीच नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. पण कोणीतरी तो पुढे ढकलला, कोणीतरी त्याला ढोलकाचा ताल लावला. संध्याकाळी तो कालामाभर झाला होता. दोन दिवसांत समुद्रकाठच्या अंतोफागास्ता शहरात. चौथ्या दिवशी यास्नाच्या मावशीने तो स्पेनहून एर्मिंदाबाईंना पाठवला, "बघ तुमच्याकडचे मास्तर" असे लिहून. माझ्या या एवढ्याशा डोळ्याने पाहिलेले एक्केचाळीस सेकंद समुद्र ओलांडून गेले आणि फिरून आमच्याच स्वयंपाकघरात आले. मला भोवळ आल्यासारखे झाले.

एर्मिंदाबाई कांदा चिरत होत्या. त्यांनी व्हिडिओ पाहिला, परत लावला आणि म्हणाल्या, "हे हसतंय कोण?"

"मला काय माहीत? तीस जण आहेत वर्गात," यास्ना म्हणाली.

एर्मिंदाबाई बराच वेळ कांदा चिरत राहिल्या.

त्याच संध्याकाळी यास्नाने व्हिडिओ माझ्यातून पुसून टाकला. "गेला एकदाचा," ती पुटपुटली. माझाही तिच्यावर विश्वास बसला. शाळेत चौकशी झाली, कोणी नाव सांगितले नाही, आणि वर्ष संपल्यावर साइरे सर शाळा सोडून गेले.

पाच वर्षे गेली. यास्ना अंतोफागास्ताला जाऊन इलेक्ट्रॉनिक्स शिकली. मला सोडून नवा फोन घ्यायचे तिच्या मनात येई, पण फी भरली की ते राहून जाई. शिक्षण संपले तेव्हा डोंगरावरच्या एका वेधशाळेला यंत्रे सांभाळणारा माणूस हवा आहे असे तिने वाचले आणि अर्ज केला. मुलाखतीला बोलावणे आले. त्या दिवशी एर्मिंदाबाईंनी तिचा शर्ट दोनदा इस्त्री केला.

मित्रांनो, त्या डोंगरावर मी जे पाहिले ते कसे सांगू? तिरापेगी मॅडम म्हणून तिथल्या मुख्य अभियंता होत्या. त्यांनी आधी आम्हाला दुर्बिणीपाशी नेले. तिचा आरसा आमच्या गावच्या चौकाएवढा होता. त्या म्हणाल्या, "काल हिने जो प्रकाश पकडला, तो निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. तो तारा आज आहे की नाही, देव जाणे. प्रकाश मात्र येतोय." यास्ना मान वर करून बघतच राहिली. मी तिच्या खिशातून नुसता भिंगाएवढा डोकावत होतो. माझाही एक डोळा होता, आणि त्या डोळ्यापुढे मला माझी लाज वाटली.

मग आम्ही त्यांच्या खोलीत गेलो.

"मार्क चांगले आहेत," तिरापेगी मॅडम म्हणाल्या. "तुमचं नाव शोधलं की पंपांचे फोटो येतात. ते मला आवडले. आणि हेही येतं."

त्यांनी संगणक वळवला. फळा, खडूची बाही, 'ज-ज-जमीन', आणि ते हसू. जे पुसले गेले म्हणून मी निश्चिंत होतो, ते तिथे जसेच्या तसे चालू होते.

"खाली कोणीतरी लिहिलंय, हे यास्ना आयाविरेचं हसू आहे, हजारात ओळखेन. खरं आहे का? नाही म्हणालात तर मी पुढचा प्रश्न विचारेन. माझ्याकडे काही पुरावा नाही."

एक 'नाही' पुरे होते. यास्नाने मला खिशातून काढले आणि टेबलावर ठेवले.

"हसणारी मीच आहे," ती म्हणाली. "फोनही माझाच. हा."

मॅडमनी माझ्या तडकलेल्या काचेकडे पाहिले. "तेव्हा वय काय होतं?"

"सोळा."

"सोळाव्या वर्षी मीही काही कमी आगाऊ नव्हते. पण नंतर पाच वर्षं गेली. या माणसाला कधी भेटलात?"

"नाही."

"इथे वर तीस माणसं आठ-आठ दिवस एकत्र राहतात," मॅडम सावकाश म्हणाल्या. "एखाद्याला तार सैल दिसली, तर त्यानं तिथल्या तिथे बोलायला हवं. आपल्याला हसतील असं ज्याला वाटतं, तो गप्प बसतो. आणि तो गप्प बसला की इथे कोणाचा तरी जीव जातो. खरं बोललात, हे मी लक्षात ठेवेन."

आठवड्याने पत्र आले. नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली होती.

यास्ना तीन दिवस शेतातला चालू पंप उगाच खोलत आणि जोडत राहिली. चौथ्या दिवशी एर्मिंदाबाईंनी गाजरांची पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली. "साइरे मास्तर कालामात रेडिओ दुरुस्त करतात. बाजाराच्या मागे. रिकाम्या हातानं जाऊ नको."

"तुला माहीत होतं?" यास्नाने विचारले.

"तुझं हसणं मला माहीत नसेल तर कोणाला असेल?"

सरांचे दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट होती. सरांचे केस गेले होते. त्यांनी वर न पाहताच म्हटले, "आयाविरे. ये."

"सर, तो व्हिडिओ मी काढला होता."

"माहीत आहे. दुसऱ्या बाकावरून ते हसणं मी वर्षभर ऐकलं होतं."

"मग शाळेत सांगितलं का नाही?"

"तुला काढलं असतं. आणि तुझ्या हातात काम होतं."

यास्नाने गाजरांची पिशवी पुढे केली. "सर, त्या व्हिडिओमुळे माझी नोकरी गेली."

सरांनी हातातली तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली. "असं? म्हणून आलीस. माझ्या दोन गेल्या. माझं नाव टाकलं की पहिलं तेच येतं. एका मुलाखतीत समोरचा माणूस ओठ दाबून हसत होता. मी उठून घरी गेलो. तेव्हा माझ्याकडे कोणी गाजरं घेऊन आलं नाही."

मित्रांनो, यास्ना आपले दुःख घेऊन आली होती. दुसऱ्याचेही तिथे असेल, आणि तिच्याच हातून झालेले, हे तिच्या ध्यानीमनी नव्हते. माझ्याही नव्हते.

"मला हे माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"विचारलंस कुठे? दाखव आता. मी तो कधी पुरता पाहिला नाही."

तिने इंटरनेटवरून शोधून माझ्यावर व्हिडिओ लावला. सरांनी पापणीही न हलवता एक्केचाळीस सेकंद पाहिले. मग म्हणाले, "आकृती बरोबर आहे. पण मुख्य वाक्य राहिलं. विजेला ज-जमिनीची वाट आपण आधी द्यायची, नाहीतर ती माणसातून जाते. हे मी पुढे बोललो. तू त्याआधीच बंद केलास."

"मग पूर्ण करू या, सर. मी पुन्हा काढते."

"पुन्हा तो डोळा माझ्यावर रोखणार? नाही. गाजरं ठेव आणि जा."

ती गेली, आणि पुढच्या शनिवारी परत आली. मला पिशवीतून काढले नाही. सरांच्या शेजारी बसून रेडिओ खोलू लागली. सरांनी नुसता एक स्टूल तिच्याकडे सरकवला. असे सात शनिवार झाले. त्यांपैकी एका शनिवारी घरी परतताना, बसमध्ये, तिने आपल्या पानावर स्वतःच्या नावाने लिहिले: तो व्हिडिओ मी काढला, हसणारी मी, ज्यांच्यावर हसले त्यांच्या दोन नोकऱ्या गेल्या. वर्गातल्या एका मैत्रिणीने लगेच विचारले, "वेडी आहेस का? कशाला जुनं उकरतेस?" कितीतरी अनोळखी लोकांनी शिव्या दिल्या. माझ्यातून आजवर किती गोष्टी बाहेर गेल्या असतील: हसरे चेहरे, नवे कपडे, बढाया. स्वतःला कमीपणा आणणारे खरे वाक्य कोणी आपल्या हाताने पाठवताना मी प्रथमच पाहिले.

आठव्या शनिवारी सर म्हणाले, "आण तो फोन. पण माझं अडखळणं कापायचं नाही. एकही अक्षर."

माझ्या बॅटरीत दम नव्हता, म्हणून मला वायर जोडून ठेवले. धडा अकरा मिनिटांचा झाला. 'जमीन' चार वेळा अडकली. दर वेळी सर थांबले, यास्ना थांबली, मीही थांबलो, आणि दर वेळी शब्द आला. शेवटचे वाक्य या वेळी पुरते झाले.

यास्नाने आपल्या पानावर टाकलेल्या त्या धड्याला फार लोक मिळाले नाहीत. एक्केचाळीस सेकंदांच्या मानाने ते शंभरात एकही नव्हते. पण बोलिव्हियातल्या एका आईने लिहिले की तिचा अडखळणारा मुलगा तो तीनदा पाहून झोपला. पॅराग्वेतल्या एका माणसाने आपल्या विहिरीवरच्या पंपाला जमिनीची तार जोडल्याचा फोटो पाठवला. सरांनी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "गाठ चुकलीये. सांग त्याला." असे करत चौतीस धडे झाले.

दुसऱ्या वर्षी वेधशाळेत जागा निघाली. तिरापेगी मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "भेटलात?"

"दर शनिवारी," यास्ना म्हणाली.

तिला नोकरी मिळाली. पहिल्या पगारात तिने नवा फोन घेतला आणि मला सरांकडे ठेवले. आता मी दुकानातल्या लाकडी घोडीवर उभा असतो आणि धडे टिपतो.

परवा सरांनी माझ्यावर स्वतःचे नाव शोधले. आता वर धडे येतात, पण खाली तो जुना व्हिडिओ आहेच. तो कधीच जाणार नाही. सरांनी तो उघडला. मला वाटले, यांना त्रास होणार. त्याखाली त्याच दिवशी कोणीतरी विचारले होते, "हे सर पुढे काय म्हणाले?" सरांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, उत्तर लिहिले: "वाट आधी द्या. बाकीचं उद्या दुकानात शिकवतो, या."

मित्रांनो, मी एक साधे यंत्र आहे. हसायचे कशाला आणि जपायचे काय हे मला कळत नाही, मी फक्त पोचवतो. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो: मला कोणावर रोखण्याआधी त्या माणसाचे वाक्य पुरे होऊ द्या. आणि हातून काही चुकीचे गेलेच, तर पाच वर्षे वाट पाहू नका. त्याच शनिवारी जा.