सायीच्या पेनावरचा हळदीचा ठिपका

रविवार, २१ ऑक्टोबर २००७, सकाळचे दहा चाळीस. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात परीक्षित बेडेकरच्या घरी त्याच्या सासूबाई सुलभाताई यांनी सात फाउंटन पेनांना हळदकुंकू लावलं.

त्या दिवशी दसरा होता. सुलभाताई दोनच महिन्यांपूर्वी सांगलीहून लेकीकडे, आसावरीकडे, आल्या होत्या. घरात पाटी नव्हती म्हणून त्यांनी नात प्रीताच्या व्हाइटबोर्डवर सरस्वती काढली. चौरंग नव्हता म्हणून कॉफी टेबल पुसून घेतलं. त्यावर प्रीताची शाळेची पुस्तकं मांडली, दोन लॅपटॉप, मिनीव्हॅनच्या किल्ल्या, कात्री, आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मखमलीवर झोपलेली सात पेनं. हळद त्यांनी सामानातून आणलेली होती. इथल्या दुकानातल्या हळदीला नुसतं नाव असतं, रंग नसतो, असं त्यांचं मत होतं.

परीक्षित तेव्हा झेंडूची फुलं आणायला गेला होता. अकराच्या सुमारास तो परत आला, टेबलाकडे बघितलं आणि फुलांची पिशवी हातात धरूनच उभा राहिला.

"आई, ही पेनं..."

"सुंदर आहेत हो. पण एकातही शाई नाही. म्हटलं, पूजेवाचून वापरायची नाहीत म्हणून ठेवली असतील."

"ती वापरायची नाहीतच."

"मग?"

या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर परीक्षितला कधीच देता आलेलं नव्हतं. लांबलचक उत्तर असं होतं: इटलीत एक छोटा कारखाना आहे. तिथे रंगीत रेझिनच्या कांड्या कातून पेनं करतात. रेझिन ओतताना रंग एकमेकांत मिसळतात आणि आत ढग उठल्यासारखे दिसतात. एका पेनातला ढग दुसऱ्या पेनात नसतो. या कारखान्यानं एकदा सात रंगांची एक मालिका काढली आणि मग ते रंग बंद केले. त्यातली सहा परीक्षितनं पाच वर्षांत जमवली होती. इटालियन नावं जिभेवर बसत नव्हती, म्हणून त्यानं घरगुती नावं ठेवली होती: जांभूळ, कैरी, डाळिंब, शेवाळ, मोरपीस आणि वांगं. सातवं नारिंगी, आत पिवळे धागे असलेलं. ते त्यानं फक्त फोटोत पाहिलं होतं, पण नाव ठेवून झालं होतं. पपई.

पपई व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नमध्ये अरुण पटवर्धन यांच्याकडे होतं. अरुणकाका साठीचे, एका डेटा सेंटरवर देखरेख करणारे, आणि फक्त पांढरी पेनं जमवणारे. पपई त्यांच्याकडे एका लॉटबरोबर चुकून आलं होतं. ते पैसे घेऊन विकायला तयार नव्हते. त्यांना बदल्यात परीक्षितकडचं मालिकेबाहेरचं एक पेन हवं होतं, दुधावरच्या सायीच्या रंगाचं. त्याचं नाव अर्थातच साय. येत्या शनिवारी ट्रॉयच्या एका हॉटेलात पेनवाल्यांचा मेळावा होता. अरुणकाका त्यासाठी विमानानं येणार होते आणि तिथे साय देऊन पपई घ्यायचं ठरलं होतं. अट एकच. साय जसं कारखान्यातून निघालं तसं हवं.

टेबलावर साय डावीकडून तिसरं होतं. त्याच्या दांड्यावर हळदीचं एक आणि कुंकवाचं एक अशी बोटं ठळक उमटली होती.

परीक्षितनं टिश्यू काढला.

"अं हं," सुलभाताई म्हणाल्या. "पूजेतली वस्तू आज हलवायची नाही. उद्या सकाळी अक्षता टाकून उचलायची."

"बाकीची राहू देत. एकच पुसतो."

"मिनीव्हॅनचं हळदकुंकू तुम्ही आठवडाभर पुसलं नव्हतं. आसावरीनं फोटो पाठवला होता मला."

"चाकाखाली लिंबूपण ठेवलं होतं ह्यानं," आसावरी स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि गाडी घ्यायच्या आधी क्रॅश टेस्टचे सगळे रिपोर्ट वाचले होते."

परीक्षितनं टिश्यू खिशात ठेवला. श्रीखंड पुरी झाली. संध्याकाळी आपट्याऐवजी मेपलची पानं वाटली गेली. परीक्षित त्या दिवशी कॉफी टेबलाजवळून बऱ्याचदा गेला.

सोमवारी सकाळी अक्षता पडल्या. सहा पेनं ओल्या फडक्यानं स्वच्छ झाली. सायीवरचं कुंकूही गेलं. हळद गेली नाही. मसुराच्या डाळीएवढा पिवळा ठिपका दांड्याच्या मधोमध राहिला. सुलभाताईंनी आधी निरांजनाची वात सारखी केली होती. तेलाचं बोट, सांगलीची हळद आणि पांढरं रेझिन, वर एक अख्खी रात्र. घरातल्या दह्याच्या रिकाम्या डब्यांचं आमटी ठेवल्यावर जे होतं, तेच सायीचं झालं होतं.

परीक्षितनं भांड्यांचा साबण लावून ठिपका घासला. ठिपका लाल झाला.

"साबण?" आसावरी म्हणाली. "हळदीला साबण? शाळेत हळदीचा कागद केला नव्हतास? साबण लावला की लाल, लिंबू पिळलं की परत पिवळा. चौथीतली मुलं करतात."

"लिंबू कुठाय?"

लिंबानं ठिपका परत पिवळा झाला. यापलीकडे त्या प्रयोगात काही नव्हतं.

"उन्हात ठेवा," सुलभाताई म्हणाल्या. "हळदी समारंभाच्या साड्या आम्ही उन्हातच टाकतो. दुपारपर्यंत डाग उडतो."

हे आसावरीलाही माहीत होतं, परीक्षितलाही. अडचण दोन बाजूंनी होती. पेन जमवणारा माणूस पेन उन्हात ठेवत नाही, कारण उन्हानं रेझिनचा मूळ रंगही हलतो. आणि ऑक्टोबर संपत आला होता, ट्रॉयमध्ये ऊन नव्हतं. सोमवारी ढग होते. मंगळवारी पाऊस. बुधवारी हवामानवाल्यानं दुपारी सूर्य दिसेल म्हणून सांगितलं. साडेतीनला तो दिसला आणि सुलभाताई दांडा घेऊन अंगणात पोचेपर्यंत गेला. समोरचा शेजारी पानं गोळा करत होता. त्यानं हात हलवला. सुलभाताईंनी दांड्यासकट हात हलवला.

"माझ्यामुळे तुमचा व्यवहार मोडणार," त्या संध्याकाळी म्हणाल्या.

"नाही हो आई."

"तोंडावर दिसतंय तुमच्या."

प्रीता गृहपाठ करत होती. तिनं मान वर केली. "बाबा, यू हॅव अ सन अ‍ॅट वर्क."

हे खरं होतं. परीक्षित मोटारींचे डॅशबोर्ड बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता. डॅशबोर्ड काही वर्षं उन्हात राहिल्यावर त्याचा रंग किती उडतो, तो किती तडकतो, हे तपासायला कंपनीच्या प्रयोगशाळेत एक कपाट होतं. आत झेनॉनचा दिवा होता. महिन्यांचं ऊन ते काही दिवसांत पाडायचं. मागच्या वर्षी प्रीताच्या वर्गाची सहल तिथे नेली होती. परीक्षितला ते कपाट तीन दिवस आठवलं नव्हतं असं नाही. त्याला संजयला विचारायची लाज वाटत होती.

संजय ढोके नागपूरचा. कपाट त्याच्या ताब्यात होतं. गुरुवारी सकाळी परीक्षितनं त्याच्यापुढे दांडा ठेवला आणि सगळं सांगितलं. संजय एवढा हसला की शेजारच्या टेबलावरच्या माणसानं हेडफोन काढले.

"अबे, सासूबाईंनी टीका लावला आन् तू कारखान्यात आणून राहिला? बोल, कुठलं ऊन देऊ? फिनिक्सचं आहे, मायामीचं आहे. मिशिगनचं नको मागू, ते कोणी बनवतच नाही यार."

"मस्करी नको. शनिवारी द्यायचंय."

"डॅशबोर्डच्या प्रोग्रामवर टाकलं तर आत ऐंशी डिग्रीच्या वर जाते. तुझ्या पेनाची जिलबी होईल. कापडाचा प्रोग्राम लावतो, थंडाव्यात. फक्त दांडाच दे. टोपण, निब सगळं काढ."

परीक्षितनं सगळं काढून दिलं. सीटच्या कापडाच्या राखाडी तुकड्यांच्या रांगेत इटालियन रेझिनचा एक पांढरा दांडा उभा राहिला. संजयनं दार लावलं.

"रेझिन पिवळं पडलं तर?" परीक्षितनं विचारलं.

"मग ठिपका दिसणार नाही," संजय म्हणाला.

शुक्रवारी दुपारी दांडा बाहेर आला. ठिपका नव्हता. भिंगातून नव्हता, खिडकीपाशी नव्हता, दिव्याखाली नव्हता. परीक्षितनं संजयला जेवायला बोलावलं, घरी फोन केला, आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून टोपण दांड्यावर बसवलं. मग त्यानं इंजिन सुरू केलं नाही.

टोपण सायीच्या रंगाचं होतं. दांडाही सायीच्या रंगाचा होता. पण साय गाईच्या दुधाची असते, म्हशीच्याही दुधाची असते.

घरी तिघींनी पेन बघितलं.

"सारखंच आहे," आसावरी म्हणाली.

"दांडा एवढासा गडद," सुलभाताई म्हणाल्या. "एवढासाच हं. पण आहे."

प्रीता बराच वेळ बघत होती. "कॅप इज व्हॅनिला. द अदर पार्ट इज फ्रेंच व्हॅनिला."

"आधीपासूनच असं असेल," आसावरी म्हणाली. "कुणी मोजलं होतं?"

कुणीच मोजलं नव्हतं. परीक्षितकडे सायीचे तीन फोटो होते. तिन्ही वेगवेगळ्या दिव्यांखाली काढलेले, आणि तिन्हींत रंग वेगळा.

शनिवारी हॉटेलवर जाताना सुलभाताईही निघाल्या. आपण केलं ते आपण बघणार, एवढंच त्या म्हणाल्या.

"सांगणार आहेस का त्यांना?" आसावरीनं गाडीत विचारलं.

"बघू त्यांना दिसतंय का."

हॉलमध्ये पंचवीसेक टेबलं होती. अरुणकाका कोपऱ्यात खिडकीजवळ बसले होते. पांढरा शर्ट, गळ्यात दोरीनं लटकवलेलं भिंग. त्यांनी पपई समोर ठेवलं होतं. परीक्षितनं ते पहिल्यांदा प्रत्यक्षात पाहिलं. फोटोत पिवळे धागे सपाट दिसत. इथे ते आत खोल उतरले होते आणि पेन फिरवलं की हलत होते. त्यानं पेन लगेच खाली ठेवलं.

अरुणकाकांनी साय उचललं. टोपण उघडलं, लावलं, दांडा बोटांत फिरवला. भिंग डोळ्याला लावलं. आसावरी शेजारच्या टेबलावरच्या शाईच्या बाटल्या वाचू लागली.

"वा," अरुणकाका म्हणाले. "काय पांढरं आहे. घे तुझं पपई."

परीक्षितनं हात पुढे केला आणि मागे घेतला.

"काका, एक सांगायचंय." आणि त्यानं दसऱ्यापासून कपाटापर्यंत सगळं सांगितलं.

अरुणकाकांनी ऐकता ऐकता साय टेबलावर ठेवलं. शेवटी त्यांनी सुलभाताईंकडे बघितलं.

"हळद कुठली?"

"सांगलीची. राजापुरी."

"मग बरोबर आहे. इथली असती तर फुंकरीनं गेली असती." ते परीक्षितकडे वळले. "गाढवा, सांगितलं नसतंस तर मी सुखानं विमानात बसलो असतो. आता मला दोन रंग दिसायला लागले."

"म्हणजे दिसतायत?"

"आत्ता दिसले. आता नाही दिसत. ह्या खिडकीचा काही भरवसा नाही."

"मग राहू द्या. मी साय परत नेतो." परीक्षितनं साय उचललं.

"ठेव खाली. मी नाही म्हटलंय का?" अरुणकाकांनी पेन पुन्हा उघडलं, टोपण एका हातात, दांडा दुसऱ्या हातात. "हे मी घरी नेतो. माझ्याकडे पांढऱ्याच्या चौदा छटा आहेत, त्यांच्या शेजारी ठेवून बघतो. पपई तुझ्याकडे राहू दे. पण कपाटात इतर सहांच्या शेजारी लावायचं नाही. डब्यातच ठेवायचं. मी हो म्हटलं की लाव."

"आणि नाही म्हटलंत तर?"

"तर पोस्टानं पाठव. आणि ताई," ते सुलभाताईंना म्हणाले, "तोपर्यंत कुठली पूजा असेल तर पपईला हळद लावलीत तरी चालेल. कळणार नाही."

"मी आता कशालाच लावत नाही," सुलभाताई म्हणाल्या. पण हसल्या.

त्यानंतरचा तपशील ई-मेलमधून मिळतो.

मंगळवारी अरुणकाकांनी लिहिलं की दांडा त्यांच्या चौदापैकी नवव्या छटेशी जुळतो आणि टोपण आठव्या छटेशी. गुरुवारी लिहिलं की दोन्ही नवव्या छटेशी जुळतात. मंगळवारी ट्यूबलाइटखाली बघितलं होतं. शनिवारी लिहिलं की प्रश्न सोडवायचा एकच मार्ग आहे, दांड्याला जेवढं ऊन मिळालं तेवढं टोपणालाही द्यायचं. संजयचं कपाट अ‍ॅशबर्नमध्ये नव्हतं. पण तिथे ऊन होतं. टोपण त्यांनी मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवलं आणि आठवडाभर तसंच कामावर गेले.

"बघ, शेवटी तुझ्या धंद्यातच आला माणूस," आसावरी म्हणाली.

परीक्षितनं पपईचा डबा कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवला आहे. वरच्या फळीवर सहा पेनांच्या शेजारी त्यानं मखमलीत एक खाच मोकळी केली आहे. ती आधी सायीची होती. डबा तो दिवसातून एकदा उघडतो, असं त्याचं म्हणणं आहे. प्रीताचं म्हणणं वेगळं आहे.

शुक्रवारी, ९ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन होतं. सुलभाताईंनी हळदीचा डबा बाहेर काढण्याआधी जावयाला विचारलं की काय काय उचलून ठेवायचंय. परीक्षितनं पपईचा डबा बाहेर काढून कपाटाला कुलूप लावलं आणि तो डबा मात्र स्वतः आणून त्यांच्यापुढे ठेवला. डब्याच्या झाकणावर त्यांनी हळदकुंकवाचं एक एक बोट लावलं, या वेळी हात कोरडा पुसून.

त्याच संध्याकाळी सव्वासातला अरुणकाकांचा ताजा ई-मेल आला. टोपण आता दांड्यापेक्षा किंचित गडद वाटतंय, असं त्यात लिहिलं आहे. त्यामुळे टोपण आत घेतलं असून दांडा गाडीत ठेवला आहे.