नव्वदच्या अलीकडे

बांगडीएवढ्या गोल काचेत पांढरा काटा चाळिसाच्या अलीकडे निपचित पडला होता... मोठी लेक साधना, तिच्या थोरलीचं लग्न झालं त्याच वर्षाचा हा पौष, सकाळचे आठ वाजून गेलेले, इंजिन सुरू होऊन पाच मिनिटं झालेली, आणि हा काटा काही उठायचं नाव घेत नव्हता. शेजारच्या काचेतला दुसरा काटा, पाण्याचा, केव्हाच उठून मधोमध येऊन बसला होता. पुंजाराम दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. एकाच इंजिनाच्या पोटात पाणीही आणि तेलही, जाळ एकच — मग एकाला लगेच कळतं आणि दुसऱ्याला का कळत नाही? अडुसष्ट वर्षांचं आयुष्य, त्यातली तीस वर्षं लोखंड तापवण्यात गेलेली. तापण्याबद्दल आपल्याला ठाऊक नाही असं काही उरलं असेल, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"आबा, किती?" भावनाने विचारलं.

"चाळीस बी न्हाई."

"पाणी तर बराबर हाय की. सोडू का?"

भावना त्याची धाकटी लेक. जालन्यात नवऱ्याबरोबर चाकांच्या अलाइनमेंटचं दुकान चालवायची. एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेली ही जुनी छोटी गाडी तिने मागची सीटं काढून, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा घालून शर्यतीची केली होती. मंठा रोडला रामप्रसादशेठने आपल्या जिनिंगमागच्या मुरमाड रानात दोन किलोमीटरची डांबरी वाट गोल फिरवून आणली होती, तिथेच येत्या रविवारी शर्यत होती. पण ह्या गाडीने आजवर दोन इंजिनं खाल्ली होती. पहिलं वैशाखात — तेल तापून पाण्यासारखं पातळ झालं आणि बेअरिंग घासून गेली. तेव्हा बबलू मिस्त्रीने गाडीच्या तोंडाला मोठा ऑइल कूलर बसवला. तेल त्याच्या जाळीतून फिरायचं, वारा लागून गार व्हायचं. दुसरं इंजिन गेलं ते मार्गशीर्षातल्या थंडीत, कूलर असताना, पाण्याचा काटा मध्याच्या वर सरकलेला नसताना. ते का गेलं, हे कोणालाच सांगता येईना. म्हणून हे तेलाचं नवं मीटर, आणि ते वाचायला आबा, कारण वळणावर भावनाला नजर रस्त्यावरून काढता येत नव्हती. हे तिसरं इंजिन शेवटचं. आज टिकलं तर रविवारच्या शर्यतीला नाव द्यायचं, नाही तर गाडी भंगारात, असं ती सासरच्या सगळ्यांसमोर बोलून बसली होती. बोललेलं फिरवणारी ती नव्हती.

बबलूने खिडकीतून डोकं आत घातलं. "सोडा ताई, जल्दी करा. साडेनऊला शेठचे कापसाचे ट्रक येतेत. मंग काय, ट्रकांसंगं शर्यत लावता का?"

"थांब," पुंजाराम म्हणाला.

का थांब, ते त्याला सांगता आलं नसतं. फक्त तो काटा पडून होता आणि त्याला नवल वाटत होतं. "बबलू, तेलाला कायला इतका टाइम लागून राह्यला रे?"

"पाण्याला आतून दार असते काका. गार असलं का दार बंद. पाणी आतल्या आत फिरते, पटकन तापते. तेलाला दार-बिर काही न्हाई. ते बिचारं खाली चेंबरमधी, वाऱ्यावर. अन् त्यात मी हे एवढं मोठं कूलर लावलेलं!" हे शेवटचं बबलूने अभिमानाने सांगितलं, आणि सांगून झाल्यावर मान बाहेर काढून स्वतःच कूलरकडे बघितलं.

पुंजाराम पिंजऱ्याच्या पाइपांतून पाय काढत उतरला, गुडघ्यावर हात टेकून गाडीच्या तोंडापाशी वाकला. कूलरच्या जाळीला हात लावला — माठाच्या बुडासारखी गार. कूलरमध्ये जाणारा पाइप कोमट, तिथून परत येणारा गार. हाताला कळत होतं. पण हाताला हे असं वाकून, लावून कळतं... डोळ्यांना काय कळलं असतं? तेलाला रंग बदलता येत नाही. लोखंडाला येतो. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलच्या भट्टीवर तो उभा राहिला तेव्हा मीटर नव्हतंच, डोळाच मीटर. लोखंडाचा ठोकळा आधी जांभळट, मग गाजरासारखा, मग संत्र्याच्या सालीसारखा, आणि त्याच्याही पुढे लिंबाच्या पिवळ्याकडे झुकायला लागला की सांडशी लावायची. सगळी मिल त्याच्या डोळ्यावर चालायची. पुंजारामने 'घे' म्हटलं की ठोकळा भट्टीतून निघायचा आणि रोलांमध्ये जाऊन लांबत लांबत सळई व्हायचा. रोलांपाशी सांडशी घेऊन संघपाल उभा असायचा...

संघपाल. त्याच्याच वयाचा, त्याच्याच पाळीतला. चाळिशी उलटल्यावर पुंजारामला अक्षर शिकवलं ते त्याने. गार ठोकळ्यांवर खडूने आकडे टाकायचे असत, ते टाकता टाकता एक दिवस म्हणाला, पुंजारामभाऊ, आकडे येतेत तर नाव कायला अडलं? मग रोज जेवणाच्या सुट्टीत एकेक अक्षर. पुंजाराम लोखंडावर खडूने आपलं नाव लिहायचा आणि तेच लोखंड तासाभराने भट्टीत ढकलायचा. नाव जळून जाताना बघायला दोघांनाही मजा यायची. "वहीचा खर्चा न्हाई आपल्याला," संघपाल हसायचा...

"पुठ्ठा हाय का रे एखादा?"

"पुठ्ठा?"

"कूलर झाक."

बबलू कमरेवर हात ठेवून हसला. "वा काका! मी गार करायला लावलं अन् तुम्ही गोधडी पांघरून राह्यले त्याला!" पण गेला. पिकअपमधून बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आणला आणि जाळीवर तारेने बांधला. थंडीत ट्रकवाले तोंडाला पोतं बांधतात, ते त्यालाही माहीत होतं. शर्यतीच्या गाडीला कोणी बांधेल, एवढंच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

पुंजाराम परत आत बसला, हेल्मेट घातलं. हेल्मेटमध्ये स्वतःचा श्वास फार मोठा ऐकू येतो. "हळू फिरव आता. मी म्हणेस्तोवर पळवू नको."

"आबा, अशीच फिरवायची तर मी बैलगाडी आणली असती."

"मंग बैलगाडीच समज."

पहिली फेरी. तुरीच्या वाळलेल्या रानाच्या कडेने, गोडाऊनच्या पत्र्यांमागून, उतारावरून. काटा हलला. अगदी झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसा. पंचेचाळीस. बावन्न. पुंजाराम वाचत होता आणि वाचता वाचता त्याला मोठं विचित्र वाटत होतं, की आपण ह्या काट्याची वाट बघतो आहोत, ह्याला हुकूम देत नाही. भट्टीसमोर असं कधी झालं नाही. रंग दिसला की तोंडातून शब्द निघायचा, मधे काही नसायचं. इथे मधे सगळी जागाच आहे. अठ्ठावन्न. त्रेसष्ट...

"आबा, पाणी मधोमध हाय. गाडी कशी मऊ चालून राह्यली बघा. तयार हाय ती."

"किती दिसतं माहीत हाय का? पासष्ट."

"गेल्या वेळी आपण ह्याच्यापेक्षा आधी सोडली होती."

ती बोलून गेली. गेल्या वेळी. मार्गशीर्षात. पाण्याचा काटा मधोमध आला, गाडी तयार म्हणून सोडली, आणि चौथ्या फेरीला खालून खडखड आली. बबलूने चेंबर उघडलं तेव्हा बेअरिंगचा चुरा निघाला. सगळे म्हणाले, तापली असेल. पुंजारामही म्हणाला होता. आणि त्या वेळी ती तापलेली नव्हतीच... वरून तापलेली, आतून घट्ट. आत तेल काकवीसारखं, आणि वर एवढा जोर. जिथे पोचायचं तिथे ते पोचलंच नाही.

वरून तापलेली, आतून...

आतून कच्चं लागून राह्यलं, पुंजारामभाऊ. संघपालचा हा आवाज बावीस वर्षांत गेला नव्हता, पण आज तो वेगळ्या बाजूने आला. रोलांपाशी उभ्या संघपालला सळईतून हातात कळलं होतं. सांडशीत मागची दोन लोखंडं कडक लागली होती. दहा मिनटं बसू दे अजून भट्टीत, असं तो ओरडून म्हणाला. आणि मी रंग बघितला. संत्र्याच्या पुढचा रंग, बराबर. बाहेर गाडी भरायला उभी होती, मालकाचा माणूस दोनदा येऊन गेला होता. मी म्हणालो, रंग बघ की, आंधळा हाय का? घे. ...आणि त्याने घेतलं. लोखंड रोलात शिरलं, अडकलं, वाकलं आणि उसळून मागे, त्याच्या अंगावर आलं. मग सगळे म्हणाले रोल घासलेला होता. मीही म्हणालो. रोल घासलेला होताच, ते खोटं नव्हतं. पण बावीस वर्षं मी दुसरंही एक मानत आलो — की मी बघितलं ते बरोबर होतं, रंग बरोबर होता... रंग बरोबरच होता. तो कातडीचा रंग होता.

"आबा! किती?"

"एकाहत्तर."

"सोडू?"

तोंडात शब्द तयार होता. एकाहत्तर म्हणजे काही थोडं नाही. शेठचे ट्रक येतील. पोरीचा पाय शिवशिवतो आहे, तिचा श्वास हेल्मेटमधूनही ऐकू येतो आहे, आणि गाडी खरंच मऊ चालली आहे. दुसऱ्याची घाई आपल्या तोंडात कशी येते, आपलीच होऊन — हे त्याने पहिल्यांदा होताना बघितलं. जवळून बघितलं, एखादा किडा बघावा तसं.

"न्हाई," तो म्हणाला. "नव्वद."

अजून दोन फेऱ्या. गिअर टाकताना भावनाचा हात जोरात पडत होता. एकोणऐंशी. चौऱ्याऐंशी. मग उतारावर असताना काटा नव्वदच्या रेघेवर आला, आणि तरी पुंजाराम अर्धं वळण थांबला. मग म्हणाला, "आता."

गाडीने झेप घेतली. पाठ सीटला चिकटली. आवाज एवढा की विचार करायला जागा उरली नाही, फक्त आकडे. शंभर. एकशे आठ. पिंजऱ्याचा पाइप घट्ट धरून तो ओरडत होता आणि त्याला, खरं तर, हसू येत होतं. ह्या वयात लेकीने आपल्याला असं पळवावं... एकशे सतरा. आता काटा झोपेतला नव्हता, भराभरा चढत होता. पुठ्ठा. पुठ्ठा पूर्ण झाकलेला. एकशे तेवीस.

"पाय काढ!"

"एकच फेरी आबा, वेळ चांगली लागून राह्यली—"

"भावना, पाय काढ!"

तिने काढला. एक फेरी सावकाश, वारा खात. बबलूसमोर येऊन थांबले तेव्हा एकशे बारावर उतरलं होतं. पुंजारामने खिडकीतून हात बाहेर काढून हवेत अर्ध्यावर रेघ ओढून दाखवली, आणि बबलूला न बोलता कळलं; त्याने कात्रीने पुठ्ठा अर्धा कापला. पुन्हा फिरले. ह्या वेळी काटा एकशे दहापाशी आला, तिथेच जरा वर, जरा खाली, आणि राहिला. चार फेऱ्या, सगळ्या जोरात, आणि खालून आवाज नाही.

साडेनऊला पहिला ट्रक फाटकात येऊन हॉर्न देऊ लागला.

बबलूने बॉनेट उघडलं. भावना लगेच किल्ली फिरवायला गेली तसा तो म्हणाला, "राहू द्या ताई, दोन मिनटं नुसतं चालू द्या. अन् मग तेल निथळू द्या, तोवर तेल मोजायची पट्टी काढायची न्हाई." मग इंजिन बंद केलं, सगळे थांबले. बबलूने पट्टी काढली, तेलाचा थेंब अंगठ्यावर घेऊन बोटाने चोळला आणि उन्हात धरला. काळसर तपकिरी तेल. त्यात एक बारीक चमक होती, किंवा ऊनच होतं. त्याने अंगठा वळवला. चमक गेली. पुन्हा वळवला.

"काय हाय?" भावनाने विचारलं.

"काही न्हाई बहुतेक. जुना चुरा राह्यला असंल कूलरच्या कोपऱ्यात." त्याने अंगठा फडक्याला पुसला. "रविवारी कळंल."

"मंग नाव देऊ का न्हाई?"

बबलूने पुंजारामकडे बघितलं. पुंजाराम गाडीच्या तोंडापाशी वाकून अर्ध्या पुठ्ठ्याला हात लावून बघत होता. आता तो गरम होता, आणि उघडी जाळी त्याहून गरम. कुठे किती, हे हाताने तपासताना त्याला अजून जाणून घ्यावंसं वाटत होतं — दुपारच्या उन्हात किती झाकावं लागेल, पहाटे किती, वारा पडला तर...

"दे," तो म्हणाला. "पण मी बसणार. आणि मी म्हणेस्तोवर—"

"बैलगाडी. कळलं." भावना हेल्मेट काढून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. घामाने केस कपाळाला चिकटलेले. "मघाशी आत तुम्ही काय पुटपुटत होते आबा? संघपालकाका म्हणून ऐकू आलं. मिलमधी मेलेले ना ते? रोल तुटून?"

"रोल न्हाई तुटला."

त्याला वाटलं होतं हे म्हटल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. ट्रक जिनिंगच्या अंगणात वळत होता, त्याच्या मागून कापसाची धूळ उन्हात तरंगत होती.

"लोखंड आतून कच्चं होतं," तो म्हणाला. "त्यानं मला सांगितलं होतं. मीच म्हणलो, घे."

भावनाने हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. मग तिने हळू विचारलं, "कधीची गोष्ट?"

साधनाच्या लग्नाच्या वर्षीची, असं उत्तर तयार होतं. घरात ते वर्ष त्याच नावाने होतं. मांडव, वऱ्हाड, कोण रुसलं, कोणी नवा फेटा हरवला, सगळं त्या वर्षात होतं, आणि त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी संघपाल. तारीख विचारायची वेळ कोणावर आली नव्हती. पुंजारामला वाटलं, तारीख आपल्याला आठवणारही नाही. आणि ती तर तिथेच होती, वार धरून, खडूने लिहिलेल्या आकड्यासारखी स्वच्छ.

संघपाल साळवे सव्वीस फेब्रुवारी दोन हजार चार रोजी, गुरुवारी, दुपारी पावणेतीन वाजता दवाखान्यात वारला.